गोळी मारल्यावर अर्धा तास ब्लाइंडमधून (शिकारीच्या मचाणातून) उतरू नका, प्लीज

मंडळी, आमच्याकडे टेक्ससला हरणाच्या शिकारीचं बुकिंग झालं की आम्ही दोघं भाऊ हे सगळ्यांना फोनवर सांगतोच, तरी दर सीझनला चार-पाच जणांचं तेच होतं, म्हणून यंदा लिहूनच देतोय. निघायच्या आधी वाचा आणि गाडीत सोबत जे कोण असतील त्यांनाही वाचायला द्या.

आधी नेहमीचे प्रश्न. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, त्यामुळे ह्यूस्टन-डॅलसहून येणारे आपले लोक पहिलं हेच विचारतात की हे कायदेशीर आहे ना. हो, पूर्ण कायदेशीर आहे. टेक्ससमधली ९० टक्क्यांहून जास्त जमीन खासगी आहे आणि लॅनो काउंटीतला हा रँच आम्ही मालकाकडून लीजवर घेतलाय. लॅनोला इथे टेक्ससची डिअर कॅपिटल म्हणतात ते उगाच नाही, आल्यावर बघालच. हरणाच्या शिकारीचा जनरल सीझन नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सुरू होतो. हंटिंग लायसन्स तुमचं तुम्ही काढून यायचं, टेक्ससचे रहिवासी असाल तर २५ डॉलर आणि बाहेरच्या राज्यातले असाल तर ३१५. ते ४८ डॉलरचं ५ दिवसांचं लायसन्स व्हाइटटेलला (आपण मारतो त्या इथल्या हरणाला) चालत नाही, कृपया ते घेऊन येऊ नका. जन्म २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतरचा असेल तर हंटर एज्युकेशनही (शिकारीचा कोर्स) लागतं. आणि एच-१बी वर असणाऱ्यांसाठी खास: फेडरल कायद्याने नॉन-इमिग्रंट व्हिसावाल्याला बंदूक हाताळायला बंदी आहे, वैध हंटिंग लायसन्स असेल तर सूट मिळते. म्हणून लायसन्स दाखवल्याशिवाय आम्ही टार्गेटवरसुद्धा रायफल हातात देत नाही, मग कितीही ओळख असो. शंका असेल तर आधी तुमच्या वकिलाला विचारा.

आता मुद्द्याचं. होतं काय, की संध्याकाळी फीडरवर (दाणे टाकतो तिथे) हरणं येतात, चांगला बक (नर) आडवा उभा राहतो, तुम्ही गोळी मारता, तो उडी मारून सीडरच्या झाडीत शिरतो, आणि तुमचा जीव इतका वर-खाली होतो की दुसऱ्याच मिनिटाला तुम्ही शिडी उतरून त्याच्या मागे! इथेच सगळं बिघडतं. जखमी हरणाला मागे कोणी नाही असं वाटलं तर ते बहुतेक वेळा शे-दोनशे यार्डांत कुठेतरी बसतं आणि बसल्या जागीच मरतं. पण चाहूल लागली की उठतं, आणि एकदा उठलं की कुठवर जाईल सांगता येत नाही, शिवाय थांबून थांबून पळताना रक्तही कमी पडतं आणि माग तुटतो. अर्ध्या तासाचं काम मग रात्री १२ पर्यंत चालतं, बॅटऱ्या घेऊन आम्ही कॅक्टसमधून फिरतोय आणि बाकीच्या गेस्टचं जेवण थांबलंय.

मी स्वतः पहिल्या वर्षी हेच केलं होतं. डो (मादी) होती, गोळी जरा मागे लागली होती, मी लगेच धावलो आणि ती कुंपण ओलांडून शेजारच्या रँचवर गेली. टेक्ससमध्ये जखमी जनावराच्या मागेसुद्धा दुसऱ्याच्या जमिनीत परवानगीशिवाय जाता येत नाही. शेजारी गावाला गेलेला, फोन लागला सकाळी, आणि तोवर कोल्ह्यासारख्या कोयोटींनी काही ठेवलं नव्हतं. ते जनावर किती वेळ तळमळलं असेल हा विचार अजून मनातून जात नाही.

म्हणून गोळी झाली की बोल्ट मारून दुसरी गोळी भरा आणि स्कोपमधून (रायफलवरच्या दुर्बिणीतून) बघत राहा. हरीण कुठे उभं होतं आणि शेवटचं कुठल्या झाडापाशी दिसलं, ते खिडकीतूनच फोनवर फोटो काढून ठेवा, कारण खाली उतरल्यावर सगळी झाडं सारखीच दिसतात. मग आम्हाला रेडिओवर सांगा आणि बसून राहा. लाथ झाडल्यासारखी उडी मारून जोरात पळालं तर बहुतेक गोळी छातीत आहे. पाठ वाकवून हळू चालत गेलं तर पोटात लागलीय असं समजायचं. रक्त आम्ही आल्यावर बघू: फेसाळ गुलाबी म्हणजे फुप्फुस, अर्धा तास पुरतो. गडद लाल म्हणजे कलेजी, मग तीन-चार तास. हिरवट घाण आणि वास असेल तर सहा-आठ तास, म्हणजे संध्याकाळची गोळी असेल तर सकाळच. गरमीत मटण खराब होईल ना, असं विचारतात. होऊ शकतं, पण उठवलं तर हरीणच मिळत नाही. गरज पडली तर माग काढणारा कुत्रा बोलावतो, पण आधीच चार जणांनी तिथे तुडवलेलं असेल तर त्याचंही काम अवघड होतं.

आमचा एक नियम काहींना खटकतो: रक्त दिसलं आणि हरीण सापडलं नाही तरी ते तुमचं हरीण धरलं जातं. याच्यावरून वाद झालेत. पण आमच्या हिशोबात ते जनावर रँचवरून गेलंच, आणि हा नियम आल्यापासून लोक घाईने लांबचा शॉट मारत नाहीत हे आम्ही बघितलंय. शोधायला आम्ही वेगळे पैसे घेत नाही, कितीही वाजले तरी.

एका वेळी चारच जण घेतो, प्रत्येक ब्लाइंडसाठी आमचा एक माणूस असतो, त्यामुळे रेट थोडा जास्त वाटेल. पहिल्यांदा येणाऱ्याच्या शेजारी आमच्यापैकी एक जण बसतो. मटण कापून, पॅक करून मिळतं, नको असेल तर गरजूंना मटण पोचवणाऱ्या हंटर्स फॉर द हंग्रीला देता येतं, विकता मात्र येत नाही. नोव्हेंबरची तारीख मिळाली नाही तर चितळाचं विचारा, १९३० च्या दशकात भारतातून इथे आणलेलं आपलंच चितळ, इथे त्याला अ‍ॅक्सिस म्हणतात आणि त्याला बंद सीझन नाही.

शुक्रवारी दुपारी २ पर्यंत पोचा. रायफल घरी झिरो केली (नेम जुळवून घेतला) असली तरी प्रवासात स्कोप हलतो, १०० यार्डांवर तीन गोळ्या मारून बघितल्याशिवाय आम्ही कोणाला ब्लाइंडमध्ये बसवत नाही, आणि उशीर झाला तर ती संध्याकाळ वाया जाते.