शाफ्टवरचा स्पाइन आणि सुटलेल्या बाणाचा स्पाइन

दोन बाणांवर ५०० छापलेले असते, तरी एकाच धनुष्यातून सोडले की एक ताठ वागतो आणि दुसरा लवचीक. ‘स्पाइन’ (बाणाचा ताठपणा) या एकाच शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो, म्हणून हा गोंधळ.

छापलेला आकडा स्थिर स्पाइनचा. शाफ्ट, म्हणजे बाणाची दांडी, एकमेकांपासून २८ इंचांवरच्या दोन टेकूंवर आडवा ठेवतात, मधोमध ८८० ग्रॅम वजन टांगतात आणि वाक मोजतात. अर्धा इंच वाकला तर ५००, ०.७ इंच वाकला तर ७००. म्हणजे आकडा जितका मोठा, तितका बाण लवचीक. नवखे बरोबर उलटे समजतात. आकडा पुसला गेला असेल तर घरीच मोजा: भिंतीवर ७१.१ सेंटिमीटर अंतराने दोन खिळे आणि दोरीसकट बरोबर ८८० ग्रॅम भरलेली पाण्याची बाटली. स्टीलच्या पट्टीवर १२.७ मिलिमीटर वाक आला, की शाफ्ट ५०० चा. मात्र शाफ्ट २८ इंचांहून लांब हवा.

गतिमान स्पाइन म्हणजे दोरी सुटताना बाण प्रत्यक्षात किती वाकतो ते. मागून दोरी ढकलते, पुढचा जड पॉइंट (टोक) लगेच हलत नाही, मधला शाफ्ट वाकतो. पाउंडेज (धनुष्य खेचायला लागणारा जोर) वाढले, शाफ्ट लांब असला किंवा १०० ग्रेनऐवजी (ग्रेन हे वजनाचे छोटे एकक) १२० ग्रेनचा पॉइंट लावला, की तोच बाण लवचीक होतो. कापला की ताठ होतो. कापलेला तुकडा परत जोडता येत नाही, तेव्हा एका वेळी पाव इंचच कापा. पूर्ण खेचल्यावर पॉइंट रेस्टच्या (धनुष्यावर बाण टेकतो त्या आधाराच्या) मागे येईल इतका आखूड तर कधीच नको; बाण थेट हातात घुसतो.

पाउंडेजही लिंबवर (धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यावर) वाचून ठरवू नका. तो आकडा २८ इंच खेचीचा असतो, आणि रिकर्व्हमध्ये (टोके पुढे वळलेल्या धनुष्यात) इंचामागे साधारण दोन पाउंडांचा फरक पडतो. ३४ पाउंडांचे लिंब २६ इंच खेचणाऱ्या मुलीच्या बोटांवर ३० च्या आसपासच येतात. सामान तोलायचा हुकवाला काटा दोरीला अडकवून मोजा, मगच शाफ्ट निवडायचा तक्ता उघडा.

तक्ताही आपल्याच धनुष्याचा हवा. नागपूरच्या ओजस देवतळेने २०२३ मध्ये बर्लिनला कम्पाउंडचे (कप्पी लावलेल्या धनुष्याचे) जगज्जेतेपद मिळवले, त्यामुळे इथल्या मुलांना कम्पाउंडचे आकडे तोंडपाठ असणे साहजिक आहे. ते रिकर्व्हला लावू नयेत. तेवढ्याच पाउंडांचा कम्पाउंड बाणाला जास्त ऊर्जा देतो, म्हणून त्याला ताठ शाफ्ट लागतो. लवचीक घातला तर फुटू शकतो. बांबूच्या देशी धनुष्याचे उलट: बाण मुठीला वळसा घालून जातो, म्हणून थोडा लवचीकच हवा.

शेवटचा निकाल बेअर शाफ्टचा, म्हणजे बिनपिसांच्या बाणाचा. रिकर्व्हवर १८ मीटरवरून तीन पिसांचे आणि दोन बिनपिसांचे बाण सोडा. उजव्या हाताच्या धनुर्धराचे बिनपिसांचे बाण पिसांच्या बाणांच्या डावीकडे गेले तर स्पाइन ताठ, उजवीकडे गेले तर लवचीक. चार बोटांचा फरक प्लंजरच्या (बाणाला बाजूने टेकणाऱ्या बटणाच्या) स्प्रिंगने निघतो, हातभर असेल तर शाफ्टच बदला. एप्रिल-मेमध्ये हे सकाळी सातच्या आत उरका. नंतर सुटणारी गरम हवा बिनपिसांच्या बाणाला सहज बाजूला ढकलते आणि स्पाइनचा दोष नसताना तो दिसतो.