मोनिंग मर्टल शाळकरी मुलगी नव्हतीच

'हॅरी पॉटर'च्या दुसऱ्या चित्रपटात मुलींच्या स्वच्छतागृहात हुंदके देत फिरणारं भूत, म्हणजे मोनिंग मर्टल, कुणा शाळकरी मुलीने साकारलं असा समज अजूनही टिकून आहे. तो साफ चुकीचा. २००२ साली चित्रपट आला तेव्हा मर्टल साकारणाऱ्या अभिनेत्री शर्ली हेंडरसन ३६ वर्षांच्या होत्या. हॅरी झालेल्या पोराची आई शोभावी असं वय!

त्यांचा जन्म १९६५चा, स्कॉटलंडमधल्या फॉरेस गावातला. नाट्यशिक्षण लंडनच्या गिल्डहॉलमध्ये. लहानखुरी चण आणि कोवळा, किंचित किरटा आवाज यामुळे प्रेक्षक फसतात, त्यात नवल नाही. पण याच गळ्याने 'टॉप्सी-टर्व्ही' चित्रपटात (१९९९) गायिका लिओनोरा ब्रॅहम उभी करताना गाणी स्वतः म्हटली आहेत. 'ट्रेनस्पॉटिंग'मधली गेल त्याच, 'ब्रिजेट जोन्स'ची रडवेली मैत्रीण ज्यूडही त्याच. माझ्या मते मर्टलपेक्षा लिओनोरा कितीतरी सरस.

'गर्ल फ्रॉम द नॉर्थ कंट्री' या रंगमंचीय प्रयोगासाठी २०१८ मध्ये त्यांना ऑलिव्हिए पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी 'स्टार वॉर्स'मधल्या चिमुकल्या बाबू फ्रिकला आवाज दिला तोही शर्लीबाईंनीच.