नैसर्गिक वायू उत्पादक कंपनीतील गुंतवणूक-जोखीम

नैसर्गिक वायू काढणाऱ्या कंपनीचे शेअर घेण्यापूर्वी तिचा साठा, उत्पादनातील घट, विक्रीदर व कर्ज पारखण्याची रीत. दाभोळ–बंगळूर वायुवाहिनी कोल्हापूर जिल्ह्यातून जाते. पण अशा वाहिनीतून वायू घेऊन शहरातील सीएनजी पंपांना पुरवणारी कंपनी वितरक असते, उत्पादक नव्हे. दर चढला की उत्पादकाचा नफा वाढतो आणि वितरकाची खरेदी महागते, त्यामुळे दोघांचे ताळेबंद एकाच मापाने वाचता येत नाहीत.

सिद्ध साठा हाती येण्याची शक्यता किमान 90% धरतात. त्यात संभाव्य (प्रोबेबल) साठा मिळवला की ती 50%, आणि त्याहून अनिश्चित असा शक्य (पॉसिबल) साठाही धरला की 10% उरते. सिद्ध साठ्याला वार्षिक उत्पादनाने भागले की साठ्याचे आयुष्य वर्षांत मिळते. हा आकडा सरासरीचा असतो. शेल या घट्ट गाळखडकातून वायू काढणाऱ्या विहिरीचे उत्पादन बहुधा पहिल्याच वर्षी निम्म्याहून अधिक घटते, म्हणून उत्पादन टिकवण्यासाठी नव्या विहिरींवर सतत खर्च करावा लागतो.

साठ्याचा अंदाज किती चुकू शकतो, हे कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील डी-6 क्षेत्रात दिसले. एप्रिल 2009 मध्ये सुरू झालेले उत्पादन 2010 मध्ये दररोज सु. 6 कोटी घनमीटरांवर गेले आणि 2013 पर्यंत 2 कोटींखाली आले. दहा टक्के वाटा असलेल्या निको या कॅनडियन भागीदार कंपनीने 2012 मध्ये साठ्याचा अंदाज मोठ्या प्रमाणात खाली आणला. घटीच्या कारणाबद्दल मतभेद आहेत. भूस्तर अपेक्षेहून गुंतागुंतीचे निघाले, विहिरींत पाणी व वाळू शिरली आणि दाब उतरला, असे क्षेत्र चालवणाऱ्या रिलायन्स कंपनीचे म्हणणे. मंजूर आराखड्याइतक्या विहिरी खोदल्याच नाहीत, असे सरकारी बाजूचे. दाब घटल्याचे दोन्ही बाजूंना मान्य असल्याने पहिले कारण अधिक ग्राह्य वाटते, तरी ते दुसऱ्याला पुरते खोडत नाही. गुंतवणूकदाराने मात्र जाहीर साठ्यापेक्षा दाबाच्या व तिमाही उत्पादनाच्या नोंदींना अधिक वजन द्यावे.

भारतात जुन्या नामनिर्देशित (सरकारी कंपन्यांना लिलावाविना दिलेल्या) क्षेत्रांच्या वायूचा दर एप्रिल 2023 पासून कच्च्या तेलाच्या भारतीय सरासरी दराच्या 10% ठरतो. सुरुवातीला त्याला प्रति एमएमबीटीयू (दहा लाख ब्रिटिश औष्णिक एकके, वायूतील उष्णतेचे माप) किमान 4 व कमाल 6.5 डॉलर अशी मर्यादा होती. खोल समुद्रातील अवघड क्षेत्रांसाठी वेगळी कमाल मर्यादा असते. अमेरिकेत दर बाजार ठरवतो; तेथे पुढील वर्षाचे किती उत्पादन आधीच ठरलेल्या दराने विकले आहे आणि कर्जाचे हप्ते कधी येतात, हे पाहावे. पडलेले दर व जड कर्ज एकत्र आल्याने चेसापीक एनर्जी या अमेरिकी वायू उत्पादक कंपनीने जून 2020 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. पुनर्रचनेत तिचे जुने शेअर रद्द झाले.