पानाची लिंक आणि शोधाची लिंक

पुरंदरच्या तहावर लिहिताना ‘पुरंदर’ या शब्दाला लिंक द्यायची, तर दोन वाटा असतात. एक, त्या विषयाचं ठरावीक पान जोडायचं. दुसरी, गूगलवर ‘पुरंदर’ टाकल्यावर येणाऱ्या यादीचीच लिंक चिकटवायची. वाचकाला दोन्ही सारख्याच निळ्या दिसतात. लिंक दाबून धरली की पत्ता दिसतो. त्यात ‘सर्च’, प्रश्नचिन्ह, ‘क्यू’ आणि बरोबरचं चिन्ह असेल तर ती शोधाची. (पुढे टक्क्यांच्या चिन्हांची मालगाडी दिसली तर घाबरू नका. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह पत्त्यात नऊ अक्षरं खातं, म्हणजे ‘पुरंदर’ची चोपन्न होतात.)

पहिली म्हणजे घराचा पत्ता, दुसरी म्हणजे ‘चौकात कुणालाही विचारा’. विचारण्यात सोय आहेच. संकेतस्थळं बंद पडतात, पोर्टलचं रूप बदललं की जुनी पानं गायब होतात आणि समोर ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’ची सूचना, येते. शोधाची लिंक सहसा अशी तुटत नाही.

ती न तुटताच भरकटते, माझी तक्रार तीच. मला म्हणायचा असतो ११ जून १६६५ चा तह: मिर्झाराजे जयसिंग, मोगलांना द्यावे लागलेले २३ किल्ले. वाचकापुढे मात्र विमानतळाच्या भूसंपादनाची बातमी येऊ शकते, नाहीतर तालुक्याचं हवामान. शिवाय निकाल ठिकाणानुसार बदलतात. पुण्यातला आणि न्यू जर्सीतला वाचक एकच लिंक दाबून वेगळंच वाचतील. ४०४ निदान कबूल तरी करतं की इथे काही नाही. शोधाची यादी चेहऱ्यावर काही दाखवत नाही, आणि मी नक्की काय वाचून लिहिलं होतं याचा पुरावा मात्र गेलेला असतो.

लासलगावचा आजचा कांद्याचा भाव दाखवायचा असेल तर शोधाची लिंक खुशाल द्या, तिथे बदलणंच अपेक्षित आहे. तेव्हाही नुसतं ‘कांदा’ नको, ‘लासलगाव कांदा बाजारभाव’ असं नेमकं टाका, नाहीतर भज्यांच्या पाककृती येतील.

संदर्भासाठी मी पानाचीच लिंक देतो आणि त्याच दिवशी वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संकेतस्थळावर, त्या पानाची प्रत ठेवतो. लिंकशेजारी लेखाचं नाव आणि तारीखही साध्या अक्षरांत लिहितो. उद्या पान गेलं, तर शोधायचं काय हे वाचकाला माहीत असतं.