केसपेपरवरची ‘सल्फा’ आणि संधिवाताच्या गोळ्या

संधिवाताच्या पेशंटच्या केसपेपरवर कोपऱ्यात लाल शाईने ‘सल्फा अ‍ॅलर्जी’ लिहिलेलं असतं. सल्फा म्हणजे सल्फोनामाइड जातीची जंतुनाशक औषधं; पण नेमकी कसली सल्फा, हे बहुधा कुणी विचारत नाही.

अ‍ॅस्पिरिनने दमा उसळतो, हे शंभर वर्षांपूर्वीच ठाऊक होतं. झोमेपिरॅक हे वेदनाशामक अमेरिकेत १९८३ मध्ये बाजारातून गेलं, तेही अ‍ॅनाफिलॅक्सिसमुळेच, म्हणजे झटक्यात येऊन जिवावर बेतणाऱ्या अ‍ॅलर्जीमुळे. सल्फाचा घोळ मात्र ‘पोटाला सोसणाऱ्या’ कॉक्स-२ जातीच्या वेदनाशामक गोळ्यांबरोबर आला. सेलेकॉक्सिब आणि व्हाल्डेकॉक्सिब, दोन्हींच्या रेणूत सल्फोनामाइड हा रासायनिक गट आहे. म्हणून सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना सेलेकॉक्सिब वर्ज्य ठरली, आणि २००२ मध्ये व्हाल्डेकॉक्सिबच्या माहितीपत्रकातही तसं छापलं गेलं.

नोव्हेंबर २००४ पर्यंत व्हाल्डेकॉक्सिबवर अमेरिकेत त्वचेच्या गंभीर रिअ‍ॅक्शनच्या ८७ नोंदी झाल्या. अंगाची सालं निघेपर्यंत वेळ येणारा स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमही त्यांत होता. या ८७ पैकी सल्फाची अ‍ॅलर्जी आधीपासून माहीत होती ती फक्त २० जणांना. बाकीच्यांनी पत्रक पाठ केलं असतं तरी काय फरक पडला असता? एप्रिल २००५ मध्ये गोळी मागे घेतली गेली (हृदयविकाराची धास्तीही होतीच) आणि त्याच वर्षी भारतातही तिच्यावर बंदी आली. सेलेकॉक्सिब राहिली आणि तिच्यासोबत ती सूचनाही. ही सूचना रसायनशास्त्रापेक्षा भीतीवर जास्त उभी आहे, असं माझं मत.

कारण को-ट्रायमॉक्साझोलसारख्या प्रतिजैविकांत अ‍ॅलर्जीचं मूळ मानला जाणारा अरोमॅटिक अमाइन नावाचा रेणूचा भाग सेलेकॉक्सिबमध्ये नाहीच. तो मिळतो सल्फासालाझिनमध्ये. मोठ्या आतड्यातले जंतू ही गोळी फोडतात आणि सल्फापिरिडिन सुटं होतं. ही अस्सल सल्फा, आणि तीही संधिवातावरचीच गोळी! उलट हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या संधिवातावरच्याच दुसऱ्या गोळीच्या पट्टीवर ‘सल्फेट’ वाचून लोक गोळ्या परत आणून देतात. सल्फेट हा निव्वळ क्षार, त्याचं सल्फाशी नातं नावापुरतं. गंधकाचंही (म्हणजे सल्फरचंही) तसंच.

नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या औषध-सुरक्षा यंत्रणेने मेफेनामिक अ‍ॅसिडबद्दल इशारा दिला. या गोळीने ड्रेस सिंड्रोम होऊ शकतो, म्हणजे ताप, पुरळ, सुजलेल्या गाठी, यकृताला इजा. तोही गोळी सुरू केल्यावर दोन ते आठ आठवड्यांनी, म्हणजे गोळी घेतल्याचं विसरायला होतं तेव्हा. संधिवातापासून पाळीच्या दुखण्यापर्यंत सर्रास घेतल्या जाणाऱ्या या गोळीत सल्फाचा कणही नाही. ती मेडिकलमधून परस्पर आणलेली असते, त्यामुळे केसपेपरवर तिचं नावच नसतं.