जावातील वाघाचा शोध

इंडोनेशियाच्या जावा बेटावरील पट्टेरी वाघाची आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २००८ साली नामशेष म्हणून नोंद केली. तो कुठेतरी तग धरून असेल या विश्वासाने चाललेला शोध मात्र थांबलेला नाही.

हा वाघ भारतातील वाघापेक्षा अंगाने लहान. नराचे वजन साधारण १०० ते १४० किलो. एकेकाळी तो बेटावर मुबलक होता. राजदरबारी भालाईतांच्या कड्यात वाघ सोडून त्याला मारण्याचा ‘रामपोकान’ हा सोहळा होई. पुढे साग, कॉफी आणि रबराच्या लागवडीखाली जंगल गेले. शिकार आणि विषप्रयोग यांनी उरलेसुरले वाघ संपवले. १९७६ मध्ये जॉन सायडेनस्टिकर आणि सुयोनो या वन्यजीव संशोधकांनी आग्नेय किनाऱ्यावरच्या मेरू बेतिरी या डोंगराळ रानाची पाहणी केली, तेव्हा तेथे जेमतेम तीन वाघ असावेत असा त्यांचा अंदाज होता. खात्रीच्या नोंदी तिथेच संपतात. १९९९-२००० मध्ये तेथे लावलेल्या कॅमेरा ट्रॅपमध्ये (जनावर समोर आले की आपोआप छायाचित्र घेणाऱ्या कॅमेऱ्यांत) एकही वाघ आला नाही.

शोधाला खरा चकवा देतो तो बिबट्या. तो जावात अजूनही आहे. आपल्याकडे ‘वाघ आला’ अशी हाकाटी झाली की बहुधा बिबट्याच निघतो. जावातही ‘माचान’ हा शब्द दोघांनाही चालतो. ओल्या चिखलात बिबट्याचा ठसा पसरून वाघाएवढा दिसतो, झाडावरचे ओरखडे दोघेही काढतात, आणि तिन्हीसांजेला ओझरत्या दिसलेल्या जनावराचे ठिपके की पट्टे, हे सांगणे अवघडच. २०१७ मध्ये पश्चिम टोकाच्या उजुंग कुलोन राष्ट्रीय उद्यानात एका वनरक्षकाने टिपलेल्या छायाचित्राने मोठी खळबळ उडवली. तज्ज्ञांच्या मते तोही बिबट्याच होता.

सर्वांत गंभीर दावा एका केसावर उभा आहे. २०१९ साली पश्चिम जावातील सुकाबूमीजवळ काही गावकऱ्यांना वाघ दिसल्याचे सांगण्यात आले आणि तेथील कुंपणावर एक केस सापडला. बोगोरच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयातील १९३० सालच्या कातड्याशी त्याची जनुकीय तुलना करून, तो जावाच्याच वाघाचा असल्याचा निष्कर्ष इंडोनेशियन संशोधकांनी २०२४ मध्ये ‘ओरिक्स’ या नियतकालिकात मांडला. त्यातील जनुकीय क्रमावर इतर अभ्यासकांनी लगेच शंका घेतली. तो केस खरोखर वाघाचा ठरला, तरी एवढ्यावरून तेथे जिवंत, पिले वाढवणारे वाघ आहेत असे म्हणणे धाडसाचेच. शिवाय २०१७ च्या वर्गीकरणात जावा, बाली आणि सुमात्रा या तिन्ही बेटांवरचे वाघ एकाच उपजातीत धरले आहेत. इतक्या जवळच्या नात्यात सुमात्राच्या वाघाचा केस वेगळा ओळखायला भक्कम नमुना लागतो. त्यापेक्षा पट्टे स्पष्ट दिसणारे एक छायाचित्र किंवा ताजी विष्ठा वाद लवकर मिटवेल.