शेड कार्ड, दिवा आणि निळसर राखाडी

गणपतीपूर्वी घर रंगवून घेण्याची लगबग रत्नागिरी-मालवणकडे सुरू झाली, की शेड कार्डावरच्या दोन जवळपास सारख्या निळसर राखाडी छटांवरून घरोघरी खल होतो. रंग भिंतीला असतो, दिव्याचा त्याच्याशी संबंध नाही, असे मानून एक छटा नक्की होते आणि दिवे लागल्यावर ती भलतीच दिसते.

भिंतीवर पडलेल्या प्रकाशापैकी कोणत्या तरंगलांबीचा किती भाग परतवायचा, एवढेच रंगद्रव्य ठरवते. परतलेल्या प्रकाशाची मोजदाद डोळ्यातल्या तीनच प्रकारच्या शंकुपेशी करतात. त्यांची संवेदनशीलता साधारण ४२०, ५३० आणि ५६० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते. संपूर्ण वर्णपटाचा असा तीन आकड्यांत संक्षेप होत असल्याने, परावर्तनाचे आलेख भिन्न असलेले दोन रंग एखाद्या प्रकाशात हुबेहूब सारखे दिसू शकतात आणि प्रकाश बदलताच वेगळे पडतात. या गुणधर्माला मेटामेरिझम म्हणतात, आणि राखाडी छटांमध्ये तो विशेष जाणवतो, कारण तटस्थ रंगाचा किंचितसा कलही डोळा चटकन टिपतो.

समजा, पांढऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये काळ्यासोबत एका डब्यात थॅलोसायनिन निळा मिसळला आणि दुसऱ्यात अल्ट्रामरीन, म्हणजे पूर्वी सफेदीच्या चुन्यात घालत ती नीळ. थॅलोसायनिन तांबडा प्रकाश जोरकसपणे शोषून घेते; अल्ट्रामरीनचे परावर्तन मात्र गडद तांबड्याकडे पुन्हा वाढू लागते. पावसाळी ढगांतून येणाऱ्या, सुमारे ६५०० केल्व्हिनच्या (हे प्रकाशाच्या रंगाचे माप; आकडा मोठा, तितका प्रकाश निळसर) प्रकाशात या दोन छटा जुळवता येतात. २७०० केल्व्हिनच्या पिवळ्या तंतूच्या बल्बमध्ये निळा प्रकाश थोडा आणि तांबडा भरपूर असल्याने त्याखाली अल्ट्रामरीनची भिंत जांभळट, तर दुसरी तिच्याशेजारी हिरवट वाटू लागते. पांढऱ्या एलईडीचा वर्णपट आणखी निराळा: ४५० नॅनोमीटरजवळ निळे शिखर, मग खळगा आणि पुढे पिवळ्या भागात रुंद उंचवटा.

वास्तूच्या नावाखाली उत्तरेच्या भिंतीला निळा रंग सुचवणाऱ्यांचा भरभराटीचा दावा निराधार आहे. उत्तरेच्या खिडकीतून बहुतांश वर्ष थेट ऊन न येता आकाशाचा निळसर प्रकाश येतो, एवढाच दिशेचा खरा परिणाम.

चारही भिंती एकाच रंगाच्या असल्या, तर प्रकाश त्यांच्यात पुनःपुन्हा आपटतो. निळ्याचे परावर्तन ६० टक्के आणि तांबड्याचे ५० टक्के धरले, तर दोन आपटींनंतर ते अनुक्रमे ३६ आणि २५ टक्के उरते. म्हणून कार्डापेक्षा खोली अधिक निळी दिसते. अंगणातल्या जांभ्यावरून येणारा तांबूस प्रकाश यात वेगळीच भर घालतो. म्हणून मोठ्या फळीवर दोन हात मारून, ती भिंतीला उभी टेकवून, सकाळी आणि घरचे दिवे लावून रात्री पाहावी.

पुढे ओलीने फुगलेला भाग दुरुस्त करताना दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जुळवलेला दुसऱ्या कंपनीचा रंग घेऊ नये. रंगद्रव्ये वेगळी असली, तर दिवसा न दिसणारे ठिगळ संध्याकाळी उघडे पडते. मूळ कंपनीचा तोच शेड क्रमांक मागावा आणि तो डब्याच्या झाकणावरून आधीच लिहून ठेवावा.